‘स्टेबल आहे’ म्हणजे नेमकं काय?

‘ताई, मी आयसीयूत स्टाफ नर्स आहे. पाच वर्षं झाली. दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडे एक आजोबा नऊ दिवस व्हेंटिलेटरवर होते. त्यांचा मुलगा रात्रंदिवस बाहेरच्या बाकावर बसून असायचा. नवव्या दिवशी संध्याकाळी त्याने मला दारात गाठलं आणि विचारलं, “सिस्टर, बाबा कसे आहेत?” मी नुकती ड्यूटी घेत होते. मॉनिटरकडे बघून म्हटलं, “स्टेबल आहेत.” त्या रात्री तो पहिल्यांदाच घरी झोपायला गेला. पहाटे चारच्या सुमारास आजोबांचं हृदय बंद पडलं. सीपीआर दिला, पण उपयोग झाला नाही. मुलगा पोचला तेव्हा सगळं संपलं होतं. सगळ्यांसमोर तो माझ्यावर ओरडला, “तुम्ही स्टेबल म्हणाला होतात! तुमचा बाप असता तर?” हातातली फाइल त्याने जमिनीवर आपटली.

तेव्हापासून मी नातेवाइकांशी बोलतच नाही. काहीही विचारलं की “डॉक्टरांना विचारा” म्हणते आणि आत जाते. सोबतच्या म्हणतात, हेच बरोबर, लांब राहावं. इनचार्ज म्हणतात, नातेवाइकांशी चांगले संबंध ठेवा, हसून बोला. तशी नोटीसही लागली आहे. मला हसू येत नाही. किती जवळ जायचं आणि किती लांब राहायचं? त्या मुलाची माफी मागू का? आजोबांचा चष्मा अजून आमच्या ड्रॉवरमध्ये आहे. न्यायला कोणी आलं नाही.
— एक सिस्टर’

प्रिय सिस्टर,

वयाने तुझ्याहून पुष्कळ मोठी आहे आणि तुझंच काम तीसेक वर्षं केलं आहे, म्हणून एकेरीत लिहिते. राग मानू नकोस.

तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू ओझरतं लिहून पुढे गेलीस. ‘त्या रात्री तो पहिल्यांदाच घरी झोपायला गेला.’ सगळं तिथेच आहे. आठ रात्री तो बाकावर बसून होता. आपण इथून हललो तर काहीतरी होईल, ही भीती त्या बाकावरच्या प्रत्येकाला असते. त्यात तर्क नसतो, पण असते. नवव्या रात्री तुझ्या एका शब्दावर तो उठला, आणि नेमकं तेव्हाच झालं. फाइल आपटताना तो तुझ्यावर जेवढा चिडला होता, त्याहून जास्त स्वतःवर चिडला असणार. स्वतःवर ओरडता येत नाही. तू समोर होतीस.

यात तुझा गुन्हा नाही. तो बाकावर असता तरी आजोबा गेलेच असते. पण तुझ्या तोंडून निघालेल्या शब्दाने त्याच्या कानात भलतंच काम केलं, हे मात्र खरं. म्हणून आधी त्या शब्दाबद्दल बोलू. जवळ-लांबचं नंतर.

आपण ‘स्टेबल’ म्हणतो तेव्हा आपल्या मनात काय असतं? गेल्या काही तासांत बीपी, नाडी, ऑक्सिजन फारसं हललेलं नाही. बस्स. माणूस व्हेंटिलेटरवर, बीपीच्या इंजेक्शनवर, किडनी मंदावलेली, आणि तरी ‘स्टेबल’. कड्याच्या टोकावर उभा असलेला माणूसही स्थिरच असतो. पण बाकावरच्या माणसाला ऐकू येतं ते ‘धोका टळला’. आपल्या आणि त्यांच्या भाषेत हा एकच शब्द दोन अर्थांनी फिरतो आणि मधल्या फटीत माणसं पडतात.

असे शब्द आणखी आहेत. सगळ्यात वाईट ‘पॉझिटिव्ह’. ‘ब्लड कल्चर पॉझिटिव्ह आलं’ हे ऐकून एका बाईंनी आनंदाने घरी फोन लावलेला मी पाहिला आहे. रक्तात जंतू सापडले, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. ‘निगेटिव्ह’ म्हटलं की चेहरे पडतात, खरं तर बातमी चांगली असते. ‘शुद्धीवर नाहीत’ आणि ‘नळी सहन व्हावी म्हणून औषधाने झोपवलंय’ यांत बाहेरच्या माणसासाठी आकाशपाताळाचं अंतर आहे. आपण मात्र घाईत पहिलं बोलून जातो. ‘रिस्पॉन्ड करत नाहीत’ म्हणजे औषधाला की हाकेला? तेही सांगत नाही.

हे आपल्याच वॉर्डाचं दुखणं नाही. फ्रान्समधल्या एका आयसीयूत डॉक्टर नातेवाइकांशी बोलून गेल्यावर त्यांना किती कळलं, याची पाहणी झाली होती. २००० साली ती प्रसिद्ध झाली. आजार काय, पुढे काय होऊ शकतं, उपचार काय चाललेत, यातलं काही ना काही निम्म्याहून अधिक जणांना समजलेलं नव्हतं. आणि त्यांच्याशी डॉक्टर बोलले होते बरं का. टाळलं नव्हतं.

तेव्हा उद्यापासून ‘स्टेबल’ हा शब्द बाकासाठी बंद कर. हँडओव्हरला, पाळी बदलताना माहिती देतेस तेव्हा, वापर, फाइलमध्ये लिही. बाहेर मात्र दोन वाक्यं लागतात: आत्ता काय आहे, आणि धोका किती आहे. ‘संध्याकाळपासून बीपी आणि ऑक्सिजन होतं तिथेच आहे. पण ते अजून फार गंभीर आहेत, रात्रीत कधीही बदल होऊ शकतो.’ एवढंच. हे ऐकल्यावर घरी जायचं की थांबायचं, हे तो मुलगा स्वतः ठरवू शकला असता. घरी गेला असता तरी तो त्याचा निर्णय ठरला असता, तुझा शब्द नाही. ‘फोन उशाशी ठेवा, काही बदललं तर आम्ही कळवू’ हे तिसरं वाक्य जमलं तर जोड, आणि मग खरंच कळव.

आता तुमच्या नोटिशीबद्दल. हसून बोला! ज्याचा माणूस आत आहे त्याच्यासमोर हसणं कधी कधी क्रूर दिसतं, हे नोटीस लिहिणाऱ्याला सुचलं नाही. तुला हसू येत नाही यात काही बिघडलेलं नाही. चांगले संबंध म्हणजे गोड बोलणं, हा समज मीही पहिली दहा वर्षं बाळगला होता.

तो गेला तो मी स्वतः त्या बाकावर बसले तेव्हा. माझे यजमान अकरा दिवस आयसीयूत होते, मी नोकरी करत नव्हते अशा एका हॉस्पिटलात. आतल्या प्रत्येक मशिनचा आवाज मला ओळखू यायचा आणि तरी माझे हात गार पडलेले असायचे. तिथे एक सिस्टर फार गोड होती. खांद्यावर हात ठेवायची, ‘काळजी करू नका हं मावशी’ म्हणायची, ‘आलेच हं’ म्हणून आत जायची, ती दोन-दोन तास यायची नाही. मी त्या दाराच्या काचेकडे बघत बसायचे. दार हललं की उठायचे. दुसरी एक होती, करड्या आवाजाची. पहिल्याच दिवशी म्हणाली, ‘मी सहा वाजता बाहेर येऊन सांगेन. तोवर दार वाजवू नका.’ सहाला दहा मिनिटं कमी असताना मी पदर सावरून उभी. ती आली आणि म्हणाली, ‘नवीन काही नाही. पुढचं साडेनऊला सांगते.’ आणि गेली.

खरं सांगते, त्या ‘नवीन काही नाही’ने मला जेवढा धीर आला तेवढा खांद्यावरच्या हाताने कधी आला नाही. साडेनऊपर्यंत मी पहिल्यांदा डोळे मिटू शकले. एकदा आत इमर्जन्सी चालू होती, तेव्हा तिने वॉर्डातल्या आयामावशींच्या हाती निरोप पाठवला: ‘सिस्टरांना उशीर होणार आहे, तुमच्या पेशंटचं काही नाही, दुसऱ्याचं आहे.’ या अर्ध्या वाक्याची किंमत बाकावर बसल्याशिवाय कळत नाही.

मला तुला सांगायचं आहे ते एवढंच आहे. बाहेर बसलेल्याला माया मिळाली तर हवीच असते, पण त्याआधी त्याला अंदाज हवा असतो. पुढची बातमी कधी, आणि कोणाकडून. वेळ सांगितली की वाट पाहण्याला काठ येतो. नाहीतर तो दर दहा मिनिटांनी दार वाजवतो, तू दर दहा मिनिटांनी वैतागतेस, आणि दोघंही समोरच्याला उद्धट समजता.

१९७९ साली नॅन्सी मॉल्टर या नर्सने अतिदक्षता विभागातल्या रुग्णांच्या ४० नातेवाइकांपुढे ४५ गरजांची यादी ठेवून विचारलं होतं, यातलं तुम्हाला काय किती महत्त्वाचं वाटतं? सगळ्यात वर आली ती आशा. तिच्या आसपास: इथल्या लोकांना आमच्या माणसाची पर्वा आहे असं वाटणं, प्रश्नांना खरी उत्तरं मिळणं, तब्येतीत बदल झाला तर घरी फोन येणं. त्यानंतर ही यादी घेऊन कितीतरी ठिकाणी पाहण्या झाल्या. नातेवाइकांच्या स्वतःच्या आरामाच्या गोष्टी बहुतेक वेळा तळाशीच राहिल्या. म्हणजे वेटिंग रूमला नवा रंग देऊन आणि सोफे टाकून जे साधत नाही, ते सहा वाजता दार उघडून साधतं. (सोफेही असावेत. पाठ सगळ्यांनाच असते.)

तुझी वेळ तूच ठरव. ड्यूटी घेतल्यावर अर्धा-पाऊण तास हँडओव्हर, औषधं, पंप तपासणं यात जातो; त्या वेळात बाहेर तोंडही काढू नकोस. तुझी चूकही तिथेच झाली. ड्यूटी घेता घेता, दारात, उभ्या उभ्या, पेशंट नीट पाहण्याआधी उत्तर दिलंस. ‘मी आत्ताच आले आहे. त्यांना बघते आणि पावणेनऊला येऊन सांगते’ असं म्हटलं असतंस तर तोही थांबला असता.

आणि नाव सांग. केट ग्रेंजर नावाची एक इंग्रज डॉक्टर होती. तिला स्वतःला कॅन्सर झाला होता. २०१३ साली हॉस्पिटलात पडून असताना तिच्या लक्षात आलं, की येणारे-जाणारे बरेचजण आपण कोण हे सांगतच नाहीत. तिने ‘हॅलो, माझं नाव अमुक’ एवढ्याच गोष्टीची मोहीम सुरू केली आणि ती देशोदेशी पसरली. २०१६ साली ती वारली. आमच्या काळी गणवेश तरी वेगळे असायचे. आता टोपी, मास्क आणि सारख्याच रंगाचे कपडे. बाहेरच्याला डॉक्टर कोण, टेक्निशियन कोण, सफाईचे मामा कोण, काही कळत नाही. मग तो मामांना विचारतो, मामा बिचारे जमेल ते सांगतात, आणि तेच घरभर होतं.

आता तुझं ‘डॉक्टरांना विचारा’. त्यामागची भीती मला समजते. निदान, रिपोर्टचा अर्थ, किती दिवस काढतील, जगतील का, हे डॉक्टरांनीच सांगायचं असतं. ते तू सांगू नकोस, कितीही जीव तुटला तरी. पण तुझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते डॉक्टरांना माहीतही नसतं. रात्री ताप आला का, दर दोन तासांनी कूस बदलली का, नळीतून दिलेलं पोटात ठरलं का, छातीतला कफ काढताना ते खोकले का, तोंड पुसलं तेव्हा डोळे उघडले का. बाकावरच्या बायकोला फुप्फुसाच्या फिल्ममध्ये रस असतोच. पण यांचं तोंड कोरडं पडतंय का, हा प्रश्न ती रात्रभर जपून ठेवते आणि विचारायला लाजते. तू आपणहून सांग.

उरलेल्या प्रश्नासाठी असं म्हण: ‘हे मला सांगता येणार नाही, ते डॉक्टर सांगतील. राउंड साधारण अकराला संपतो. तुमचा प्रश्न मी लिहून ठेवते.’ आणि त्यांच्यासमोर लिही. ‘डॉक्टरांना विचारा’ आणि हे, दोन्ही नकारच आहेत. पण पहिल्यात दार बंद होतं, दुसऱ्यात प्रश्न तुझ्यासोबत आत येतो. डॉक्टर बोलतील तेव्हा शक्य असेल तर शेजारी उभी राहा. ते गेले की नातेवाइकांना विचार, ‘आता घरी फोन करून काय सांगाल?’ समजलं का, असं विचारू नकोस. त्याला सगळे ‘हो’च म्हणतात. घरी काय सांगणार हे विचारलंस की दोन मिनिटांत कळतं, की डॉक्टरांचं काय पोचलं आणि काय हवेत विरलं.

एका गोष्टीकडे मात्र बहुतेक वॉर्डांत कोणी लक्ष देत नाही, ती म्हणजे पहिल्यांदा आत नेण्याआधीचं एक मिनिट. चपला काढा, हात धुवा, एवढं सांगून आपण माणसाला थेट बेडपाशी नेतो. त्याला काय दिसतं? सुजलेला, ओळखू न येणारा चेहरा, तोंडात नळी, आणि दोन्ही हात बेडला बांधलेले. आपल्याला ते हात दिसेनासे झालेले असतात. त्याला दुसरं काही दिसत नाही. ‘माझ्या आईला यांनी बांधून ठेवलंय.’ पुढच्या भांडणाचं बी तिथे पडतं, मग ते कधी औषधांच्या यादीवरून उगवतं, कधी बिलावरून. आधी दारातच सांग: चेहऱ्यावर सूज आहे, ती शरीरात साठलेल्या पाण्याची आहे, गुंगीत नळी ओढून काढू नयेत म्हणून हात सैल बांधलेत, तुम्ही शेजारी असाल आणि लक्ष ठेवणार असाल तर आपण एक सोडू. हात सोडता येतो का ते आधी डॉक्टरांशी बोलून घे. पण सोडता येत असेल तर सोड आणि तो त्याच्या हातात दे.

मॉनिटरचंही तसंच. बोटावरचा क्लिप घसरला तरी अलार्म वाजतो. आपण एका नजरेत ओळखतो आणि हातातलं काम पुरं करून जातो. बाहेरच्या माणसाला वाटतं, माझा माणूस जातोय आणि ही ट्रॉली आवरतेय. ‘हा आवाज झाला तर घाबरू नका, बोटावरचं निघालं की वाजतं, खरा धोका असेल तर आम्ही धावताना दिसू.’ एकदा सांगितलेलं पुरतं.

हँडओव्हरमध्ये एक ओळ वाढवायला इनचार्जना सांग: ‘नातेवाइकांना आज काय सांगितलं, कोणी सांगितलं.’ तीन पाळ्या, चार डॉक्टर, दोन व्हिजिटिंग कन्सल्टंट. सकाळी कोणी ‘थोडं बरं आहे’ म्हणतं, दुपारी कोणी ‘गंभीर’, रात्री कोणी ‘बघू’. प्रत्येकजण आपल्या परीने खरंच बोलत असतो: एकाला फुप्फुस दिसतं, दुसऱ्याला किडनी. पण बाहेरची माणसं हे सगळं ओळीने मांडून जुळवत बसतात. त्यांच्याकडे दुसरं काम काय असतं? जुळलं नाही की त्यांना वाटतं, काहीतरी लपवताहेत. नातेवाइकांकडूनही बोलायला एकच माणूस ठरवून घ्या, त्याचा नंबर फाइलवर लिहा. बाकीच्यांना तो सांगेल. त्याला पुतण्या-भाच्यांच्या फौजेला तोंड द्यायला सोपं जावं म्हणून हवं तर चार ओळी कागदावर लिहून द्या.

एवढं करायला वेळ कुठे आहे, असं तू म्हणशील. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमागे एक नर्स असायला हवी आणि तुझ्याकडे असतील तीन. ते दुखणं तुझ्या बोलण्याने बरं होणार नाही, ते वरच्यांचं आहे, आणि नोटीस लावून ते झाकलं जातं याचा मला फार राग आहे. तरी एक आकडा तुझ्या इनचार्जना जरूर दाखव. २००७ साली फ्रान्समधल्या २२ आयसीयूंमध्ये, जे रुग्ण आता जाणार हे स्पष्ट झालं होतं अशा १२६ जणांच्या घरच्यांवर एक प्रयोग झाला. अर्ध्यांशी नेहमीसारखं बोलणं झालं. उरलेल्यांशी बैठक घेताना पथ्यं पाळली: त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायचं, त्यांच्या भावनांना नाकारायचं नाही, आजारी माणूस एरवी कसा होता ते विचारायचं, त्यांना प्रश्न विचारायला लावायचे, शेवटी शोकाविषयीची एक पुस्तिका हातात. नेहमीची बैठक साधारण २० मिनिटं चालायची, ही ३० मिनिटं चालली. नेहमीच्या बैठकीत घरचे ५ मिनिटं बोलले, हिच्यात १४. म्हणजे वाढलेली दहा मिनिटं जवळजवळ सगळी त्यांच्याच वाट्याला गेली. डॉक्टरांना जास्त काही बोलावं लागलं नाही. ९० दिवसांनी फोन करून विचारपूस केली तेव्हा मानसिक आघाताची लक्षणं पहिल्या गटात ६९ टक्क्यांना होती, दुसऱ्यात ४५ टक्क्यांना. दहा मिनिटं, तीही गप्प बसून.

‘एरवी ते कसे होते?’ हा प्रश्न तर उभ्या उभ्याही विचारता येतो. नऊ दिवस नळ्यांमागे दिसणारा देह एकदम शाळामास्तर होतो, किंवा बुद्धिबळात कोणाला न हरणारा आजोबा. बघ, नंतर कूस बदलताना तुझा हातही वेगळा लागतो.

सगळ्यात जास्त ओरडणारा नातेवाईक मात्र बहुधा बाकावर बसलेला नसतोच. तो सहाव्या-सातव्या दिवशी लांबून येतो, बॅग हातात घेऊनच, आणि येतो तोच ‘इथे चाललंय काय?’ म्हणत. यावर अमेरिकेत १९९१ साली चक्क एक लेख छापून आला, आणि ‘कॅलिफोर्नियाहून आलेली मुलगी’ असं या प्रकाराला नाव पडलं. (कॅलिफोर्नियात म्हणे ती न्यूयॉर्कहून येते.) डॉक्टरलोक हे नाव हसत वापरतात, मला ते आवडत नाही. तो माणूस उशीर झाल्याच्या शरमेने ओरडत असतो. त्याला फाइल दाखवून हरवू नकोस. ‘तुम्ही प्रवासातून आलात, आधी त्यांना भेटून या, मग बसून पहिल्यापासून सांगायला डॉक्टरांना विनंती करते’ एवढं म्हण. निम्मा आवाज तिथेच खाली येतो.

आणि ओरडणारा दर वेळी चुकीचा असतो असंही धरून चालू नकोस. ‘आज काहीतरी वेगळं वाटतंय हो यांचं’ असं बायको म्हणाली, आणि मॉनिटर अजून साळसूद असला, तर मी बायकोवर विश्वास ठेवते. इंग्लंडमध्ये मार्था नावाची १३ वर्षांची मुलगी २०२१ साली सेप्सिसने, म्हणजे अंगभर भिनलेल्या जंतुसंसर्गाने, गेली. आईवडील काळजी बोलून दाखवत होते, ती पुरेशी मनावर घेतली गेली नाही. तिच्या नावाने आता तिथे नियम आहे आणि २०२४ पासून तो हॉस्पिटलांमध्ये लागू होऊ लागला: घरच्यांना तब्येत ढासळतेय असं वाटलं तर ते थेट दुसऱ्या टीमला बोलावून तपासायला सांगू शकतात. तुमच्याकडे तसा नियम नसला तरी तुझ्याकडे फोन आहे. ‘नातेवाइकांना बदल जाणवतोय, एकदा येऊन बघा’ हे ड्यूटी डॉक्टरांना सांगायला कमीपणा वाटू देऊ नकोस, आणि वेळेसकट फाइलमध्ये लिही.

किती जवळ जायचं, हे विचारलंस. याची मापं मी देणार नाही, पण काही गोष्टी पक्क्या. स्वतःचा मोबाइल नंबर द्यायचा नाही. पैसे, भेटवस्तू घ्यायच्या नाहीत. दुसऱ्या पाळीच्या सिस्टरबद्दल त्यांच्यासमोर वाईट बोलायचं नाही, ती चुकली असली तरी, ते इनचार्जकडे. ‘सगळं ठीक होईल’ म्हणायचं नाही. डोळ्यांत पाणी आलं तर आलं, त्याने कोणाचं बिघडत नाही. पण त्यांनी तुझं सांत्वन करायची वेळ आणायची नाही. बिलाचा विषय निघाला तर बिलिंगचा रस्ता दाखवून मोकळी हो.

आणि हे सगळं शिव्या आणि मारहाण सोसण्यासाठी नाही. हात उगारला, धमकी दिली, वाट अडवली, की बोलणं थांबव. एकटी राहू नकोस, दाराच्या बाजूला राहा, सिक्युरिटी बोलाव, आणि त्याच पाळीत लेखी दे. फाइल आपटली तेव्हा कोणी तुझ्याशेजारी येऊन उभं राहिलं का, हे तू लिहिलं नाहीस. नसेल, तर तुमच्या वॉर्डात नोटिशीपेक्षा त्यावर आधी बोलायला हवं. त्या पहाटेनंतर तुलाही कोणी खुर्ची दिली नसेल, चहा विचारला नसेल. सकाळची औषधं सातलाच दिली असशील. तू गप्प झालीस यात मला नवल वाटत नाही. सोबतच्या एखादीपाशी, किंवा समुपदेशक असेल तर तिच्यापाशी, ती रात्र एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत सांग.

आता तो मुलगा. एकटीने फोन करू नकोस, घरी तर मुळीच जाऊ नकोस. इनचार्ज आणि ज्यांनी उपचार केले त्या डॉक्टरांना सांग, की घरच्यांना एकदा बोलवावं. दोन महिने झालेत, त्यांच्या मनात आता वेगळे प्रश्न तयार झाले असतील. आला, तर आजोबांच्या शेवटच्या रात्रीचं त्याला सांग. तो गेल्यावर ते कसे होते, कूस कधी बदलली, पहाटे किती वाजता काय झालं, कोण कोण धावलं. ते एकटे नव्हते, हे त्याला तुझ्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. आणि मग म्हण, ‘मी स्टेबल म्हणाले, तेव्हा ते अजून धोक्यात आहेत हेही सांगायला हवं होतं. ते राहिलं, त्याबद्दल मला वाईट वाटतं.’ एवढीच माफी. मृत्यूची माफी मागू नकोस, तो तुझा नव्हता. ‘तुम्हाला काय वाटलं असेल ते मी समजू शकते’ हेही नको. तो बोलला तर बोलू दे, रडला तर उठून जाऊ नकोस.

येणार नाही म्हणाला, तर आग्रह धरू नका.

चष्मा मात्र ड्रॉवरमध्ये ठेवू नकोस. तो नेण्यासाठी परत त्या दारापाशी यायचं धैर्य त्या घरात कोणाकडे नसेल, म्हणून पडून आहे. काचा पुसून घे. डबी नसेल तर मऊ कापडात गुंडाळ. औषधाच्या पिशवीत किंवा हॉस्पिटलच्या कचऱ्याच्या पिवळ्या प्लॅस्टिकमध्ये घालू नका. वरच्या पाकिटावर आजोबांचं पूर्ण नाव लिही, बेड नंबर नको. इनचार्जना फोन करू दे: ‘त्यांचा चष्मा आमच्याकडे नीट ठेवला आहे, पोचता करू का, की तुम्ही याल?’ फोन कधी करणार ते आजच ठरवा.

तुझी,
ताई